आत्याची अर्धी काडी

इंग्लंडच्या राजाला मुकुट घातला त्या दिवशी आमच्या घरात पातेलंभर खीर उरली होती. आदल्या दिवशी बुद्धपौर्णिमा झाली होती. विहारात सगळ्या गावाची खीर शिजली आणि उरलेली, नेहमीप्रमाणे, विहार समितीच्या अध्यक्षांच्या घरी आली. मे महिन्याचा उकाडा, खीर काही टिकणार नव्हती. म्हणून दुपारी बाबा, आत्या, माझी बायको आणि मी वाट्या घेऊन टीव्हीसमोर बसलो. ती खीर आधीच संपली असती तर बाबा आजही अध्यक्ष असते, असं माझी बायको अजून म्हणते.

आधी घराचं सांगतो. तानसा धरणाच्या अलीकडे, शहापूर तालुक्यात आमचं गाव. घर एक, छप्पर एक, दारं मात्र तीन. मधल्या दारात आम्ही नवराबायको, दोन्ही मुलं शिकायला बाहेर. मी शिक्षक, शाळा मुरबाडकडे, रोज मोटरसायकलने ये-जा. डावीकडच्या दारात बाबा. ते मुंबईला पाणी नेणाऱ्या पाइपावर नोकरीला होते, तिथून निवृत्त झाले. आई गेल्यापासून जेवतात आमच्याकडे, पण स्वतःची शेगडी त्यांनी सोडलेली नाही. तिच्यावर फक्त चहा होतो. "चहा उकळतो ती चूलच," असं त्यांचं म्हणणं. आणि मागच्या दारात आत्या, बाबांची चार वर्षांनी थोरली बहीण. मुरबाडकडच्या गावात दिलेली, नवरा गेल्यावर, मी पहिलीत असताना, माहेरी आली आणि आल्या दिवशीच वेगळी चूल मांडून बसली. कुणाच्या हाताखाली राहायचं नाही, हा तिचा बाणा. आणि राजाराणीचं वेड तिलाच, हे लक्षात ठेवा.

तर टीव्हीवर राजाची घोड्यांची गाडी चालली होती आणि आत्याचा चमचा वाटीतच थांबला होता.

"बघ रे, काय शिस्त! एक माणूस तोंड उघडत नाय."

"उघडतील कसे?" बाबा म्हणाले. "उघडलं का बाहेर."

"आपल्याकडं बघ. आज हा मंत्री, उद्या तो. माणसानं कुणाकडं बघायचं? राजा कसा, एकदा बसला का बसला. ह्याची आई तर सत्तर वर्षं बसली. एकदा तरी कुणाला उलटून बोलली?"

"तिला बोलायचं काम काय होतं गो? अगं, पण ह्यांना बसवलं कुणी? आईच्या पोटी आला म्हणून राजा! आमच्या हापिसात बाप गेल्यावर पोराला नोकरीला लावायचे, तर त्याला पण आधी फॉर्म भरायला लागायचा."

मी हसलो. बाबांना त्यामुळे आणखी चेव आला. बाबा या विषयावर एकदा सुटले की त्यांना आवरणं कठीण. राजाला घालवता येत नाही, हेच त्याचं दुखणं, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पाळण्यात असल्यापासून ऐकत आलो असेन. बुद्धाच्या संघात भिक्खू काड्या वाटून मतं घेत, आपल्याला लोकशाही कुणी गोऱ्याने शिकवलेली नाही, हे तर ते दर पावसाळ्यात विहारात सांगतात. आत्या शांतपणे खीर खात ऐकत राहिली. मग म्हणाली, "आनि आपले महाराज?"

महाराष्ट्रात हा प्रश्न आला की राजेशाहीवरची चर्चा तिथेच संपते. बाबांनी वाटी खाली ठेवली.

"त्यांचं नाव मधी आणू नको. ते निवडणुकीला उभे राहिले असते तरी बिनविरोध आले असते."

"बिनविरोध म्हंजे?" आत्या म्हणाली. "म्हंजे तुझ्यासारखे?"

टीव्हीवर त्याच क्षणी राजाच्या डोक्यावर मुकुट ठेवला. कुणी पाहिला नाही. आम्ही सगळे बाबांकडे बघत होतो.

"बावीस वर्षं तूच अध्यक्ष," आत्या म्हणाली. "दर सालाला उभा राहतो नि विचारतो, कुणाची हरकत? तू तिथं एवढा सहा फूट उभा, हरकत घेणार कोण? हा बिचारा इंग्लंडवाला सत्तरी उलटल्यावर बसला. तू पन्नाशीलाच बसलास."

बाबांनी खीर तशीच टाकली आणि पडवीत जाऊन येरझाऱ्या घालायला लागले. बायकोने आत्याला खुणेने गप्प राहायला सांगितलं. आत्या म्हणाली, "मी काय वाईट बोलले? चांगला राजा आहे, असंच म्हटलं ना?"

संध्याकाळी बाबा दारात येऊन उभे राहिले. "यंदा निवडणूक होणार. गुप्त मतदान. माझ्यावर राजेशाहीचा डाग नको."

आमच्या विहार समितीची नेमणूक वर्षावासाच्या समारोपाला होते. पावसाळ्याचे तीन महिने विहारात रोज ग्रंथवाचन चालतं, ते आश्विनातल्या पौर्णिमेला संपतं, त्या दिवशी. म्हणजे विरोधक शोधायला बाबांच्या हातात चांगले पाच महिने होते. ते पाचही महिने कमी पडले. बाबा ज्याच्या घरी जात आणि "तू माझ्या विरुद्ध उभा राहा," म्हणत, त्या घरात सुतक पडल्यासारखं होई. एकाची बायको तर रात्रीची भाजी घेऊन आमच्याकडे आली. "गुरुजी, आमच्यांचं काय चुकलं का? बाबा असं का बोलले?" दुसऱ्याने सरळ सांगितलं, "बाबा, तुमी मला मारा, पण उभं राहायला सांगू नका." भात लावून झाला, बेणून झाला, पोटरीला आला, तरी उमेदवार मिळेना.

मी उभा राहतो म्हटलं तर बाबा भडकले. "तू जिंकलास तर लोक बोलतील गादी पोराला दिली. हारलास तर बोलतील बापानं पोराला बुजगावणं केलं." ते बरोबरच होतं. शिवाय मी निवडणुकीच्या ड्युट्या केलेला माणूस, मला निवडणूक अधिकारी व्हायची भारी हौस होती.

शेवटी गणपती उठल्यावर कधीतरी आत्या मागच्या दारातून ओरडली, "मी राहते उभी! पडायलाच कोणतरी पायजे ना?"

बाबांचा चेहरा खुलला. राजाची बाजू घेणारी बाई प्रजेच्या निवडणुकीला उभी राहणार, यापेक्षा मोठा विजय त्यांना नको होता. त्यांनी मला तिथल्या तिथे कामाला लावलं.

काय सांगू, ते दोन आठवडे मी जमिनीवर नव्हतो. शाळेत मुलांना गणित घालून वहीच्या मागे मतदान केंद्राचा नकाशा काढत बसायचो. नियम ठरले. आमच्याकडे वर्गणी, श्रमदान, काहीही असो, माणसं मोजत नाहीत, चुली मोजतात. तेव्हा एका चुलीला एक मत. गावातल्या आमच्या आळीत चौतीस चुली. बाबांच्या शेगडीला चूल म्हणावं का यावर तासभर वाद झाला. शेवटी मी स्वतः जाऊन तिच्यावर चहा करून प्यालो आणि ती मान्य केली. कागदाच्या चिठ्ठ्या बाबांना नको होत्या. संघाची रीत म्हणून काड्या हव्या होत्या. मी नवा खराटा आणला. अख्खी काडी बाबांची, अर्धी मोडलेली काडी आत्याची. "मला अर्धीच पुरे," आत्या म्हणाली. "कशाला चांगला खराटा वाया घालवायचा?"

प्रत्येकाला दोन्ही काड्या द्यायच्या. त्याने पडद्यामागे जाऊन एक माठात टाकायची, उरलेली बादलीत. पडद्याला बायकोने आत्याची हिरवी साडी काढली तर बाबांनी हरकत घेतली. "उमेदवाराची साडी म्हंजे प्रचार." मग आमच्या पलंगावरची चादर लागली.

प्रचार म्हणाल तर बाबांनी काही केला नाही. बावीस वर्षांचं काम बोलेल, म्हणाले. आत्याने मात्र घरोघर केला. प्रत्येक दारात जाऊन ती सांगायची, "मला देऊ नका हां. भावाचं आहे ते, भावालाच द्या. मी आपली नावाला." असं सांगून चहा प्यायची आणि पुढच्या घरी जायची. या प्रचाराने काय आग लावली ते आम्हाला माठ उपडा केल्यावर कळलं.

मतदानाच्या सकाळी बायकोने मला डबा द्यावा तशी सूचना दिली. "आपल्या चुलीचं मत आत्यांना टाका."

"आणि बाबा?"

"बाबा येणारच आहेत निवडून. आत्यांना एक तरी नको का? भोपळा मिळाला तर कसं दिसेल ते? घरातल्यांनी पण दिलं नाय बोलतील."

मी पडद्यामागे गेलो. एका हातात अख्खी, एका हातात अर्धी. ती अर्धी काडी मला आत्याच्या हातासारखी वाटली. लहानपणी तानशाच्या पुराच्या पाण्यातून हा हात धरून मी शाळेत गेलो होतो. बाबांना तेहतीस पडणार, मला माहीतच होतं. अर्धी माठात टाकली, अख्खी बादलीत. बाहेर आलो तर बाबा खुर्चीवर ताठ बसले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. मी त्यांच्याकडे बघणं टाळलं.

दुपारी बाराला मतदान संपलं. चौतीसच्या चौतीस चुली आल्या. एवढं मतदान माझ्या एकाही सरकारी केंद्रावर झालं नव्हतं. सतरंजीवर मी माठ उपडा केला.

आधी एक अर्धी काडी पडली. सगळे हसले. बाबाही हसले. मग दुसरी अर्धी. मग तिसरी. मग सातआठ एकदम. हसू हळूहळू ओसरत गेलं. मला वाटलं, अख्ख्या काड्या आत पडताना मोडल्या. खरोखर तसं वाटलं. मी मोठ्याने म्हणालोसुद्धा, "काड्या मोडल्यात वाटतं." बाबा खुर्चीवरून उठले, सतरंजीवर उकिडवे बसले आणि दोन अर्ध्या काड्या घेऊन त्यांची टोकं एकमेकांना लावून बघू लागले. जुळली नाहीत. आणखी दोन घेतल्या. त्याही जुळल्या नाहीत.

मग बादली मोजली. बादलीत बत्तीस अख्ख्या निघाल्या. संशयाला जागाच उरली नाही. आत्याला बत्तीस, बाबांना दोन. बादलीत एक अर्धी काडी कमी होती, ती भिंतीला टेकून बसलेल्या बहिऱ्या आजोबांच्या दातांत सापडली. काड्या कशाला दिल्या ते त्यांना कळलंच नव्हतं. अर्धी दात कोरायला बरी म्हणून त्यांनी ठेवून घेतली आणि अख्खी माठात टाकली. म्हणजे बाबांचं एक मत ते. आणि दुसरं अर्थातच बाबांचं स्वतःचं. सगळ्यांनी मनातल्या मनात हाच हिशोब केला आणि कुणी कुणाकडे बघेना.

कारण सगळ्यांना एकाच वेळी कळलं होतं काय झालं ते. प्रत्येक चुलीने मनात म्हटलं होतं, बाबा तर येणारच, आपण त्या म्हातारीला एक टाकू, बिचारी भोपळ्यावर नको राहायला. बत्तीस चुलींनी मिळून एका बाईला भोपळ्यापासून वाचवलं आणि त्या भरात राजा घालवला.

"अरे देवा," आत्या म्हणाली. विहारात तसं कुणी म्हणत नाही, पण त्या दिवशी कुणी टोकलं नाही.

मग एकच गलका झाला. "रद्द करा!" "ही काय निवडणूक झाली का?" "गंमत झाली बाबा, तुमीच रहा!" "परत घ्या, परत घ्या, आता सगळे अख्खीच टाकतो!" एकाने तर बादलीतल्या अख्ख्या काड्यांची मूठ उचलून बाबांच्या हातात कोंबली. आत्या सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती, "मला नको रे! मी कुठं मागितलं?" बाया रडायला लागल्या, आणि त्यातल्या दोघी रडता रडता हसायला लागल्या. मलाही ते हसू आवरेना. निवडणूक अधिकारी असून मी माठाच्या मागे तोंड लपवून हसत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

बाबा तेवढे उभे होते. त्यांना नुसती मान डोलवायची होती. सगळी आळी हात जोडून म्हणत होती, बसा. बावीस वर्षांत कुणी इतक्या आर्जवाने त्यांना बसा म्हटलं नव्हतं.

"आता मी बसलो," बाबा म्हणाले, "तर राजाच झालो ना? मतं पडली दोन नि लोकांनी उचलून गादीवर बसवला. मी नाय बसणार. निकाल म्हंजे निकाल."

विहाराची किल्ली बाबांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशाला पिनेने टाचलेली असायची. बाबा ती पिन काढायला लागले आणि ती निघेना. सगळी आळी बघत होती आणि त्या सहा फुटी माणसाला एक पिन उघडता येईना. शेवटी आत्या पुढे झाली, टाचा उंचावून तिने पिन काढली आणि किल्ली सोडवली. पिन तिने परत बाबांच्याच खिशाला लावून दिली.

त्या रात्री बाबा जेवायला आले, भाताचे चार घास खाल्ले आणि उठले. मला वाटलं, आपण बापाला मारलं. मी मोठा माणूस, दोन मुलांचा बाप, पण भांडी आवरताना बायकोसमोर ढसाढसा रडलो. पुढच्या आठवड्यात आळीतला एकेक जण मला एकटं गाठून कानात सांगत होता, "गुरुजी, आमी आपलं तिला एक पडावं म्हणून टाकलं हो. आमाला काय म्हायती?" बसस्टॉपवर, भाताच्या कापणीत, एक तर मुरबाडला माझ्या शाळेच्या फाटकाशी आला. बाबांना सांगायला मात्र कुणाचा धीर होत नव्हता. माझाही नव्हता.

आत्याचं म्हणाल तर तीन दिवस ती किल्लीला हात लावायला तयार नव्हती. चौथ्या दिवशी तिने विहार उघडलं, झाडून काढलं आणि खुर्चीवर बसून पाहिलं. आणि मग काय विचारता! आत्याचा अंमल सुरू झाला. झाडायची पाळी पुरुषांनाही लागली. एप्रिलमधल्या जयंतीच्या मिरवणुकीत डीजे मागे आणि बाया पुढे. पायऱ्या उंच, म्हाताऱ्यांना चढवत नाहीत म्हणून कडेला लोखंडी पाइपाचा कठडा बसला. त्याचा पाइप कुठून आणायचा ते बाबांनीच सांगितलं, पडवीतून, कुणी विचारलं नसताना. ग्रंथवाचनाची वेळ भाकऱ्या झाल्यानंतरची केली, आणि त्या पावसाळ्यात पहिल्यांदा विहारात बायांनाच बसायला जागा पुरेना. कुणी काही बोललं की आत्या म्हणे, "बत्तीस मतं आहेत माझ्याकडं."

"बघा तुमची राणी," मी बाबांना म्हणायचो.

"राणी कसली?" बाबा म्हणायचे. "आश्विनात परत माठ आहे."

आणि खरंच, आश्विन जवळ आला तसं बाबांनी जाहीर केलं की ते उभे राहणार. आत्याही राहणार होती, आणि या वेळी नावाला नाही. त्या निवडणुकीत बाबा चार मतांनी पडले, एकोणीस-पंधरा, हे आधीच सांगून टाकतो. कारण माझ्या मनात राहिलेली गोष्ट निकालाच्या आदल्या दिवसाची आहे.

बाबा त्या वेळी प्रचाराला निघाले होते. आयुष्यात पहिल्यांदा. या माणसाने बावीस वर्षं कुणाकडे काही मागितलं नव्हतं. आता रोज दोन-तीन दारं करायचे आणि घरी येऊन मला सांगायचे, डोळे मोठे करून. "अरे, त्या शेवटच्या घरातली म्हातारी माझ्या वेळेला दोन सालं विहारात आली नव्हती. पायऱ्या चढवत नव्हत्या म्हणे. मला कुणी बोललंच नाय!"

"तुम्ही विचारलं कुठे?"

"ते पण खरं," म्हणायचे, आणि पित्ताची गोळी घ्यायचे. प्रत्येक दारात चहा होत होता.

आदल्या दिवशी मी शाळेत रजा टाकली होती. सकाळी मी ओटीवर वह्या तपासत बसलो होतो. बाबा त्यांच्या दारातून बाहेर आले, इस्त्रीचा सदरा, पायात चपला. पडवीतून अकरा पावलं चालून आमच्या दाराशी आले, चपला काढल्या आणि उघड्या दाराची कडी वाजवली.

"जयभीम, गुरुजी."

तासाभरापूर्वी हेच बाबा माझ्या ताटातला कांदा उचलून खात होते.

"बसू का?"

"बाबा, काय चाललंय?"

ते पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसले. बायको आतून आली, तिने तोंडाला पदर लावला. बाबांनी दोन्ही हात जोडले, माझ्यासमोर, माझ्या बापाने, आणि म्हणाले, "उद्या मतदान आहे. तुमच्या चुलीचं मत मागायला आलो."

मला आधी खूप हसू आलं आणि मग मी हातातली वही मिटली. वर्षभर जे बोलायचं राहिलं होतं ते एकदम बाहेर पडलं. "बाबा, मागच्या वर्षी मी तुम्हाला दिलं नव्हतं."

"म्हायती आहे. त्या रात्री भात वाढताना तू माझ्याकडं बघत नव्हतास." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मी तरी कुठं मला दिलं? तिलाच टाकली. एकुलती बहीण माझी, भोपळ्यावर पडली असती तर मला चाललं असतं का?"

मी मनात जुळवाजुळव केली. दोन मतं. एक बहिऱ्या आजोबांचं. दुसरं बाबांचं नव्हतं. "मग दुसरं कुणाचं?"

आत्या मागच्या भिंतीला कान लावूनच बसली असावी. तिकडून तिचा आवाज आला, "माझं! राजाला नाय देणार तर कुणाला देणार?"

बाबा उठले, चपला घातल्या आणि घराला वळसा घालून मागच्या दाराला गेले. मी आणि बायको स्वयंपाकघराच्या खिडकीशी. कडी वाजली.

"कोण हाय?" आत्याने विचारलं, जसं काही तिला माहीतच नाही.

"मत मागायला आलोय," बाबा म्हणाले. "उद्याचं."

आत चूल फुंकल्याचा आवाज आला. मग आत्या म्हणाली, "बघते."

बाबा परत आले ते जवळजवळ पळतच. तिन्ही दारांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होते, "बघते म्हणाली रे! ऐकलंस का? बघते म्हणाली!"